नागपूरच्या आमच्या डुप्लिकेट ब्रिज टेबलावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हॉट्सॲपवर, फोनवर, आणि सर्वात जास्त म्हणजे खेळ संपल्यावर पार्किंगमध्ये गाडीला किल्ली लावता लावता लोक जे प्रश्न मला विचारत राहतात ते इथे एकत्र केलेत. मी क्लबात टेबलं लावते आणि डायरेक्टरचं, म्हणजे खेळताना नियमांचा निवाडा करायचं, कामही बहुतेक वेळा माझ्याकडेच असतं, त्यामुळे तेच तेच सांगून सांगून उत्तरं तोंडपाठ झालीत. नियमांचं जे लिहिलंय ते वर्ल्ड ब्रिज फेडरेशनच्या २०१७ च्या नियमावलीप्रमाणे आहे, आणि जिथे फक्त आमच्या क्लबाची पद्धत आहे तिथे तसं म्हटलंय.

१. डुप्लिकेट म्हणजे काय? आम्ही घरी ब्रिज खेळतोच की, त्यात वेगळं काय?

घरी डाव संपला की पत्ते गोळा करायचे, पिसायचे, परत वाटायचे. डुप्लिकेटमध्ये पान मध्ये टाकायचंच नाही, आपल्यासमोरच पालथं ठेवायचं, जिंकलेली ट्रिक (चौघांच्या एकेका पानाचा हात) उभी आणि हरलेली आडवी. डाव संपला की आपली १३ पानं बोर्डाच्या (चार खिशांच्या चपट्या डब्याच्या) आपल्या खिशात परत जातात आणि तो बोर्ड पुढच्या टेबलावर जातो, तिथली मंडळी अगदी त्याच पानांवर खेळतात. टेबलाच्या बाजूंना दिशांची नावं असतात आणि समोरासमोरचे दोघे एक जोडी, त्यात उत्तर-दक्षिण बसलेल्या जोडीची तुलना बाकीच्या उत्तर-दक्षिण जोड्यांशीच होते. म्हणजे "आज पानंच आली नाहीत" हे कारणच उरत नाही, कारण तुम्हाला आलेली भिकार पानं बाकी सगळ्यांनाही आलीच होती, त्यांनी त्याचं काय केलं एवढंच पाहायचं. वाटणारा (डीलर) कोण आणि व्हल्नरेबल (ज्यांचं बक्षीस आणि दंड दोन्ही मोठे) कोण हे बोर्डावर छापलेलं असतं. १ नंबरला उत्तर डीलर आणि कोणीच व्हल्नरेबल नाही, २ नंबरला पूर्व डीलर आणि उत्तर-दक्षिण व्हल्नरेबल, असं १६ बोर्डांचं चक्र आहे.

२. घरचे म्हणतात पत्त्यांचा क्लब म्हणजे जुगार. काय सांगू त्यांना?

हा प्रश्न दर महिन्याला येतो आणि मला त्याचा राग नाही, आपल्याकडे पत्ते म्हटलं की लोकांना तेच आठवतं. आमच्याकडे पैसे लावून खेळत नाहीत. टेबल मनी म्हणून जे घेतो ते हॉल, चहा आणि नवीन पत्त्यांसाठी असतं, जिंकणाऱ्याला त्यातलं काही मिळत नाही. कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा आहे आणि त्याच्या कलम १३ मध्ये निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. सुप्रीम कोर्टाने १९६७ मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं तेव्हा, रमीतल्या नशिबाचा भाग ब्रिजच्या वाटपातल्या नशिबासारखाच आहे, असा दाखला दिला होता. आणि डुप्लिकेटमध्ये तर वाटपाचं नशीबही सगळ्यांना सारखंच वाटून टाकलेलं असतं. घरच्यांना हेही सांगा की २०१८ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये ब्रिजच्या पुरुष जोडीचं सुवर्णपदक भारताचं होतं, प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार, आणि बर्धन तेव्हा ६० वर्षांचे होते. तरीही शंका असेल तर त्यांना एक दिवस घेऊन या, चहा पिऊन बघत बसू द्या.

३. मला मेंढीकोट आणि रमी येते, ब्रिज नाही. आलो तर चालेल का?

या ना बिनधास्त. मेंढीकोट येत असेल तर अर्धं काम झालंय, हुकूम म्हणजे काय, उतारी कोणाची, रंग द्यावाच लागतो, पार्टनर समोर बसतो, हे सगळं अंगात मुरलेलं असतं. शिकायची राहते बोली, म्हणजे कोणत्या हुकमावर किती ट्रिक करणार हे आधी सांगणं. पहिले दोन-तीन आठवडे मागे खुर्ची टाकून एकाच खेळाडूचा हात बघा, चौघांचे फिरून फिरून बघू नका आणि चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. मागून "अरेरे" निघालं की टेबलावरच्या तिघांना कळतं राणी कुठे आहे.

४. पार्टनर नाही, एकटाच येऊ शकतो का?

सकाळपर्यंत ग्रुपवर टाका, जोडी लावून देतो. आयत्या वेळी दारात उभं राहिलात तरी प्रयत्न करतो, पण तेव्हा जोड्या विषम होतात आणि कोणाला तरी एक राउंड बसावं लागतं. बसणाऱ्या जोडीचं नुकसान होत नाही, टक्केवारी खेळलेल्या बोर्डांवरच काढतात. नवीन पार्टनरबरोबर बसलात तर सुरुवातीच्या पाच मिनिटांत एवढंच ठरवा : एक नोट्रम्प (हुकमाशिवायची बोली) किती पॉइंटचा, मेजर (इस्पिक किंवा बदाम) उघडायला पाच पानं लागतात की चार, आणि टू क्लब (दोन किल्वरची पहिली बोली) म्हणजे काय. बाकी सिस्टीम तेव्हा पाठ करायला जाल तर दोघांचाही गोंधळ होईल.

५. आमच्या कॉलनीत क्लब सुरू करायचाय. काय काय लागतं?

सहा टेबलांसाठी २४ बोर्ड, त्यात घालायला २४ कॅट, २४ बिडिंग बॉक्स (बोलीची कार्डं ठेवायचे डबे), स्कोर लिहायच्या स्लिपा किंवा मोबाईलवरचं स्कोरिंग, एक घड्याळ सगळ्यांना दिसेल असं, आणि एक माणूस जो त्या दिवशी नियम सांगेल. हा शेवटचा सर्वात अवघड. लोक बोर्डांना पैसे लगेच काढतात पण डायरेक्टर व्हायला कोणी पुढे येत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी दोन-तीन जणांनी नियम वाचायला घ्या आणि पाळीपाळीने करा. जागा अशी बघा की टेबलांमध्ये हात-दीड हात अंतर राहील, नाहीतर शेजारचा निकाल ऐकू येतो. आणि पत्ते प्लास्टिकचे घ्या, त्याचं कारण खाली क्र. १४ मध्ये आहे.

६. किती टेबलं असली की कोणती मूव्हमेंट (जोड्या आणि बोर्ड फिरवायची पद्धत) लावायची?

टेबलं विषम असली की सरळ मिचेल : उत्तर-दक्षिण जागेवर, पूर्व-पश्चिम एक टेबल वर, बोर्ड एक टेबल खाली. सात टेबलं असली तर सात राउंड, तीन-तीन बोर्ड, २१ बोर्ड. सम असली की अडचण येते, कारण अर्धे राउंड झाल्यावर पूर्व-पश्चिमच्या समोर आधी खेळलेलेच बोर्ड येतात. म्हणून सहा टेबलांवर तिसऱ्या राउंडनंतर त्यांनी एक टेबल सोडून पुढे जायचं आणि पाचच राउंड खेळायचे. हे "सोडून जा" मोठ्याने दोनदा सांगा, नाहीतर एक तरी जोडी सवयीने शेजारच्या टेबलावर जाऊन बसतेच. चार टेबलं किंवा कमी असली तर हॉवेल लावा, चार टेबलांच्या हॉवेलमध्ये सात राउंडांत प्रत्येक जोडी बाकी सातही जोड्यांशी खेळते, पण बहुतेकांना उठबस असते त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या काका-काकूंना टेबल एकची कायमची जागा द्या, ती जोडी हलत नाही.

७. आम्ही चार बदाम केले, गेम केला, तरी अर्ध्याहून कमी मार्क? स्कोरिंग चुकलं असेल.

चुकलं नसतं बहुधा. परवाच्यासारखंच उदाहरण घ्या, सात टेबलं, उत्तर-दक्षिण व्हल्नरेबल, आणि सात निकाल असे : ६५०, ६५०, ६३०, ६२०, ६२०, ६०० आणि उणे १००. मॅचपॉइंटमध्ये जितक्या जोड्यांपेक्षा तुमचा स्कोर जास्त तितक्यांचे दोन-दोन, बरोबरीचा एक. ६२० वाल्यांनी ६०० आणि उणे १०० ला मागे टाकलं म्हणजे चार, दुसऱ्या ६२० शी बरोबरी म्हणजे एक, एकूण १२ पैकी ५. आणि ६५० वाल्यांना ११. फरक फक्त एका जास्तीच्या ट्रिकचा, ३० गुणांचा. हाच फरक टीमच्या सामन्यात एका इंपचा (तिथल्या गुणाचा) असतो, तिथे कोणी मनावर घेत नाही. म्हणून मॅचपॉइंटला काँट्रॅक्ट (ठरलेली शेवटची बोली) बनलं म्हणून सैल सोडायचं नसतं आणि डिफेन्सनेही (ते पाडू पाहणाऱ्या बाजूनेही) "बनणारच आहे" म्हणून पानं फेकायची नसतात, त्या एका ट्रिकवर आख्खा बोर्ड असतो.

८. मी विचार करायला थांबलो तर समोरच्यांनी डायरेक्टर बोलावला. विचार करायचा नाही का मग?

करायचा, हवा तितका करायचा, तो तुमचा हक्क आहे. नियम तुमच्यावर नाही, तुमच्या पार्टनरवर आहे. समजा तुमच्या पार्टनरने एक इस्पिक उघडलं, तुमच्या उजवीकडच्याने थेट चार बदाम लावले, तुम्ही वीस सेकंद छताकडे पाहिलं, बोटं एकदा डबलच्या (गुण वाढवणाऱ्या बोलीच्या) लाल कार्डापाशी गेली आणि मग पास टाकला. डावीकडचाही पास. आता पार्टनरला कळलंय की तुमच्याकडे काहीतरी आहे, कारण काहीच नसतं तर तुम्ही दोन सेकंदांत पास केला असता. ही माहिती बोलीतून आलेली नाही, म्हणून ती वापरायची नाही. पार्टनरसमोर पास, डबल आणि चार इस्पिक असे तिन्ही रास्त पर्याय असतील तर तुमच्या थांबण्याने जो पर्याय सुचतो तो त्याने निवडायचा नाही, आणि निवडला व समोरच्यांचं नुकसान झालं तर मी स्कोर बदलते.

हे पार्टनरला कडू लागतं, मला माहीत आहे. "मी तसंही चार इस्पिक लावणारच होतो" हे वाक्य मी जवळजवळ दर आठवड्याला ऐकते आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण स्कोर बदलणं म्हणजे तुम्हाला लबाड म्हणणं नव्हे, तुमच्या मनात काय होतं हे मी तपासतच नाही, टेबलावर काय दिसलं तेवढंच बघते. उलट बाजूनेही लक्षात ठेवा : त्या रंगाचं एकच पान हातात असताना उगाच थांबून समोरच्याला फसवणं हे चक्क नियमाबाहेर आहे. उत्तम उपाय एकच आहे, सोप्या बोलीलाही दोन-तीन सेकंद घ्या, म्हणजे खरा विचार करताना तो वेगळा दिसत नाही. हे जे नीट सांभाळतात त्यांच्याबरोबर खेळायला फार समाधान वाटतं, त्यांच्या चेहऱ्यावरून, आवाजावरून, पान ठेवण्यावरून काहीच कळत नाही आणि तरी वागणं मनमोकळं असतं.

९. अलर्ट (ही बोली नेहमीच्या अर्थाची नाही असं समोरच्यांना कळवणं) कोणी करायचा, मी की पार्टनरने?

टेबलावर तुमच्या बोलीचा अलर्ट पार्टनर करतो आणि विचारलं तर अर्थही तोच सांगतो. ऑनलाइन खेळून आलेल्यांचा इथेच गोंधळ होतो, तिथे आपण स्वतःच स्वतःची बोली समजावतो आणि पार्टनरला ते दिसत नाही. आता पार्टनरने चुकीचा अर्थ सांगितला तर? बोली चालू असताना तुम्ही चेहराही हलवायचा नाही. मग तुमची बाजू काँट्रॅक्ट खेळणार असेल तर बोली संपल्यावर, उतारीच्या आधी, डायरेक्टरला बोलावून सांगायचं. डिफेन्सला असाल तर डाव पूर्ण संपल्यावरच, त्याआधी सांगितलं तर पार्टनरला माहिती मिळते.

१०. डायरेक्टर बोलावला की वातावरण बिघडतं. जाऊ द्या म्हटलं तर चालत नाही का?

नाही, आणि हे मी अगदी मनापासून सांगते. चौघांनी आपसात मिटवलं की नव्या खेळाडूचं नुकसान होतं, कारण जुना माणूस आत्मविश्वासाने चुकीचा नियम सांगतो आणि तो बिचारा मान्य करतो. चूक लक्षात आणून दिली गेली की लगेच हात वर करा, "डायरेक्टर, प्लीज" म्हणा, तेही साध्या आवाजात. ओरडून, समोरच्याकडे बोट दाखवून बोलावलं तर ते बोलावणंच शिष्टाचाराबाहेर जातं. डमीने (डिक्लेररचा, म्हणजे काँट्रॅक्ट खेळणाऱ्याचा पार्टनर, ज्याची पानं उघडी असतात) मात्र डाव चालू असताना चूक पहिल्यांदा दाखवायची नाही. त्याला एवढं चालतं की पार्टनरने दुसरा रंग टाकला तर "बदाम नाही का?" असं विचारणं, आणि पार्टनर चुकीच्या हातातून खेळत असेल तर आधीच थांबवणं.

११. रंग असून दुसरं पान टाकलं गेलं. किती ट्रिक जातात?

आधी बघायचं की रिव्होक, म्हणजे हीच चूक, पक्का झाला का. चूक करणाऱ्या बाजूने पुढच्या ट्रिकला पान टाकलं नसेल तर दुरुस्त करता येतो, टाकलेलं पान डिफेंडरचं असेल तर ते पेनल्टी कार्ड म्हणून उघडं राहतं. पक्का झाला असेल तर हिशोब असा : ज्याने रंग दिला नाही त्यानेच ती ट्रिक जिंकली असेल तर ती ट्रिक आणि नंतर त्या बाजूने जिंकलेल्यांपैकी एक, अशा दोनपर्यंत जातात. ती त्याने स्वतः जिंकली नसेल पण त्या बाजूने ती किंवा नंतरची एखादी जिंकली असेल तर एक जाते. रिव्होकपासून पुढे एकही जिंकली नसेल तर काहीच जात नाही. डमीच्या हातून झाला तर ट्रिकचा दंड नाही. आणि या सगळ्याने समोरच्यांचं नुकसान भरून निघत नसेल तर डायरेक्टर भरून देतो. पानं मिसळू नका एवढं करा, नाहीतर मला तपासता येत नाही.

१२. उतारी चुकीच्या माणसाने केली तर?

उघडी पडली असेल तर डिक्लेररकडे पाच पर्याय येतात आणि ते सगळे मी येऊन सांगते, त्याआधी कोणी काही करायचं नाही. पण हे टाळायची सोपी सवय आहे, पहिली उतारी नेहमी पालथी ठेवायची आणि पार्टनरला "प्रश्न?" विचारायचं. पालथी असताना लक्षात आलं तर डायरेक्टरच्या परवानगीने ती परत घेता येते.

१३. बिडिंग बॉक्समधून दोन कार्डं चिकटून निघाली, किंवा कमीची बोली लागली. बदलता येते?

हात घसरला असेल तर पार्टनरने बोली लावायच्या आत बदलता येते. मन बदललं असेल तर नाही. हा फरक मी तुमच्या तोंडून ऐकूनच ठरवते, म्हणून खरं सांगा. दोन इस्पिकवर दोन बदाम अशी अपुरी बोली झाली तर डावीकडचा ती मान्य करू शकतो. त्याने नाही केली तर त्याच रंगात पुरेशी वर न्या, बहुतेक वेळा पुढे काही बंधन येत नाही. दुसरंच काही लावलं आणि त्याचा अर्थ आधीच्या बोलीशी जुळत नसेल तर पार्टनरला शेवटपर्यंत पास करत बसावं लागतं.

१४. पानं मोजायचा एवढा आग्रह का धरता?

कारण उन्हाळ्यातलं नागपूर. मे महिन्यात ४५ च्या वर पारा असताना कूलर लावल्याशिवाय हॉलमध्ये बसवत नाही, आणि कूलरची हवा ओली असते. आम्ही सुरुवातीला कागदी पत्ते वापरत होतो, ते तासाभरात फुगायचे, एकाला एक चिकटायचे. एकदा किल्वर तिरीच्या मागे चौकट दश्शी अशी चिकटून गेली की ती शेजारच्या खिशात पोचली, पुढच्या टेबलावर एकाकडे १२ आणि एकाकडे १४ पानं, कोणी मोजली नाहीत, पूर्ण डाव खेळून झाल्यावर कळलं. तो बोर्ड त्या टेबलाचा गेलाच. म्हणून खिशातून काढल्यावर पानं न पाहता, पालथीच, १३ मोजायची. १२ भरली तर उलटून न बघता हात वर करा. प्लास्टिक पत्ते घेतल्यापासून हे खूप कमी झालंय. कूलरचं तोंडही आता टेबलांकडे न ठेवता भिंतीकडे असतं, झोतात स्लिपा उडून शेजारच्या टेबलाचा निकाल दिसायचा.

१५. पार्टनर प्रत्येक बोर्डानंतर माझी चूक काढतो. हे ब्रिजमध्ये चालतंच असं सगळे म्हणतात.

चालतं म्हणून चालवून घ्यायचं नाही. आमच्याकडे एक काकू यायच्या, शाळेतून रिटायर झालेल्या, साठीनंतर ब्रिज शिकल्या, वहीत लाल पेनने बोली लिहून आणायच्या. एका संध्याकाळी त्यांच्या पार्टनरने, जो खूप चांगला खेळाडू आहे, त्यांना सगळ्यांसमोर विचारलं की मी पानाच्या इशाऱ्याने किल्वर मागितलं तर तुम्हाला दिसत नाही का. तो खेळाच्या दृष्टीने बरोबर होता, किल्वरच परत करायला हवं होतं. मी शेजारच्या टेबलापाशी उभी होते, त्यांनी पानं बोर्डात घालताना खिशाची फट दोनदा चुकली, बोटं थरथरत होती. पुढच्या आठवड्यात त्या आल्या नाहीत, नंतरही नाही, मी दोनदा घरी जाऊन आले. त्या दिवशी मी तिथल्या तिथे बोलायला हवं होतं, ते मी केलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून आमच्या क्लबाची पद्धत अशी : बोर्ड संपला, पानं खिशात, पुढचा बोर्ड. चर्चा चहाच्या वेळी, आणि तीही समोरच्याने विचारली तर. नवरा-बायको जोड्यांनाही हेच, त्यांना तर आधी. एकदा समज, दुसऱ्यांदा स्कोर कमी, तिसऱ्यांदा त्या दिवशी घरी. आणि टेबलावरच्या पोस्टमॉर्टमचा दुसरा त्रास म्हणजे शेजारच्या टेबलाला तो बोर्ड अजून खेळायचा असतो, त्यांना सगळं ऐकू जातं.

१६. खेळ फार हळू चालतो. किती वेळ ठीक?

बोर्डाला साडेसात मिनिटं, म्हणजे २४ बोर्ड तीन तासांत. वेळ बहुतेक वेळा विचारात जात नाही, स्लिप शोधण्यात आणि मागच्या बोर्डावर बोलण्यात जातो. राहिलेल्या ट्रिक उघड असतील तर क्लेम करा, पण नीट. "सगळ्या माझ्या" पुरेसं नाही. पानं दाखवून "बाहेर एक हुकूम आहे तो काढतो, मग किल्वर" असं सांगा. बाहेरचा हुकूम सांगायचा विसरलात आणि शंका उरली तर निकाल क्लेम करणाऱ्याच्या विरोधात जातो.

१७. समोरच्याने पानं नसताना खोटी बोली लावली. हे चीटिंग नाही?

नाही, त्याचा पार्टनरही तितकाच फसला असेल तर ते कायदेशीर आहे. पार्टनरला आतून माहीत असेल, म्हणजे दोघांची तशी सवय झाली असेल, तर मग नाही. शंका आली तर मला सांगा, मी नोंद ठेवते, टेबलावर आरोप करू नका.

१८. चूक आमच्या फायद्याची झाली असेल आणि कोणाच्या लक्षात आलं नसेल तर सांगावंच लागतं का?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न जिंकलेल्या ट्रिकचा स्कोर माहीत असून घेता येत नाही, ते सांगावंच लागतं. स्वतःचा रिव्होक मात्र स्वतःहून दाखवायची नियमाने सक्ती नाही, फक्त लपवता येत नाही, म्हणजे पानं घाईने मिसळणं किंवा लपवायला दुसरा रिव्होक करणं चालत नाही. निकाल लागल्यापासून ३० मिनिटं स्कोर दुरुस्त होतो. मागच्या पावसाळ्यात आमच्याकडचे एक काका जिंकून निघाले, झाशी राणी चौकापर्यंत गेले आणि तिथून गाडी बाजूला लावून मला फोन केला की १७ नंबरला आपण दहा लिहिलेत, पण ट्रिक नऊच होत्या, आत्ता मोजून पाहिलं. निकाल लावून वीसच मिनिटं झाली होती. मी समोरच्या जोडीला विचारलं, दुरुस्त केलं, काका पहिल्यावरून तिसऱ्यावर आले आणि पुढच्या बुधवारी नेहमीच्या वेळी नेहमीच्या खुर्चीत येऊन बसले.